आभाळातली चुकलेली जागा

मानवतच्या बसमध्ये अंबाबाईच्या पुढच्या बाकावर एक कॉलेजातली पोरगी बापाशी दबक्या आवाजात बोलत होती.

"बाबा, दुर्बिणीच्या फोटोत नवा तारा दिसला म्हणून मी त्याची जागा सरांना कळवली. ती चुकली."

"कशी काय?"

"फाईलमध्ये जागा बहुतेक अंशांत असते. ह्या फाईलमध्ये तासांत होती, आभाळात एक तास म्हणजे पंधरा अंश. मी अंशच धरले."

"मग?"

"आज मोठी दुर्बीण तिकडं वळवायलेत. तिथं कायीच न्हाई."

"सांगून टाक."

"लय भेव वाटायलंय. सर दुर्बिणीच्या कामावरून काढतील."

"न सांगता कळलं तर?"

पोरीनं फोन लावला.

"सर, सृष्टी बोलतेय. दुर्बीण वळवू नका. जागा माझ्याकडून चुकलीय."

पलीकडून सरांनी काहीतरी विचारलं. अंबाबाईनं पुढचा दांडा घट्ट धरला.

"हो सर," पोरगी म्हणाली, "खरी जागा सांगते. लिहून घ्या."