डार्करूममधल्या कोऱ्या पट्ट्या

(फोटो स्टुडिओची मागची खोली, सकाळची वेळ. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला डार्करूमचं दार आणि दारावर लाल दिवा. मध्ये जाड पडदा, पडद्यापलीकडे दुकान.)

वहिनी : कोरी म्हणजे कोरी! दोन रेघा नाहीत, एक रेघ नाही, काही म्हणजे काही नाही. तुझ्या दुकानातला माल आहे वन्सं, आता तूच सांग.

नणंद : अगं, असं होतच नाही. पोटात कुणी असो नसो, एक रेघ उमटतेच. ती पट्टीची स्वतःची रेघ. मी शुद्धीवर आहे, एवढंच सांगणारी.

वहिनी : मग तुझ्या पट्ट्या बेशुद्ध आहेत. काल एक, आज पहाटे एक. दोन्ही कोऱ्या.

नणंद : त्याच खोक्यातल्या पट्ट्या मी आठवडाभर विकतेय! एका बाईनं तक्रार केली नाही. उलट एक तर पेढे घेऊन आली... जाऊ दे. तारीख बघितलीस? पाकीट फुटलेलं नव्हतं ना? थेंब नीट टाकलेस?

वहिनी : औषधं थेंब थेंब मोजून फोटो धुणारी बाई आहे मी. मला थेंब शिकवतेस?

नणंद : बरं बाई, चुकलं. दाखव त्या पट्ट्या. कुठायत?

वहिनी : आत, डार्करूमच्या डब्यात. आणि तिथेच राहू देत. डब्यातून काढलेली पट्टी मी पुन्हा बघणार नाही.

नणंद : वहिनी...

वहिनी : नाही म्हणजे नाही. गेल्या वेळी काय केलं होतं मी? सकाळी वर घरात केली, एकच रेघ आली, टाकून दिली. संध्याकाळी राहवेना म्हणून काढून बघितली, तर दुसरी पुसटशी दिसायला लागली. झालं! मी नाचले, तुझा दादा नाचला, आईंनी तर फोनच खाली ठेवला नाही.

नणंद : आईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुला लग्नाच्या आधीच सांगितलं होतं मी.

वहिनी : आणि ह्यांनी त्या पट्टीचा फोटो काढला. एवढा मोठा केला. या इथे लावला. तो खिळा बघ, अजून आहे. डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या, तेव्हा फोटो उतरवला त्यांनी. खिळा काढायचं काही त्यांच्याच्यानं झालं नाही.

नणंद : आठवतंय गं. दादा आठवडाभर जेवायला बसायचा नि नुसता ताटाकडे बघत राहायचा.

वहिनी : म्हणून म्हणते. मला पुन्हा दुसरी रेघ नाही आली तरी मी सहन करीन. पण त्यांना 'आहे' म्हणून मग 'नाही' म्हणायचं, हे माझ्याच्यानं परत होणार नाही. दुधानं तोंड पोळलंय माझं.

नणंद : मग फुंकून पिऊ, पण पिऊ तर खरं! हे बघ, वेगळ्या खोक्यातली आणलीय. सकाळचं पहिलं ठेवलंयस ना झाकून?

वहिनी : आत मोरीवर आहे.

नणंद : आत? अगं, तू हे सगळं त्या काळोखात करतेस?

वहिनी : मग कुठे करू? इथल्या बाथरूमची कडी बसत नाही, गिऱ्हाईकं चेहरा धुवायला सारखी ये-जा करतात. वर घरात आई. आत मोरी आहे, वेळ लावायचं घड्याळ आहे. आणि बाहेरचा दिवा लागला की तुझा दादासुद्धा पडदा ओलांडत नाही. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा नियम. या घरात एकटीनं रडायला ती एकच जागा आहे.

नणंद : आज एकटीनं नाही. चल, माझ्यासमोर कर. तुझे थेंब मोजते मी!

दादा : अगं, ऐकतेस का? पासपोर्टवाले दोघं आलेत. पांढरा पडदा कुठं ठेवलायस?

वहिनी : स्टुलामागे! गुंडाळून!

दादा : बरं. आत कोण, चिमी आलीय का? एवढ्या सकाळी?

नणंद : डोकं दुखतंय म्हणाली वहिनी, गोळी घेऊन आले! तू तुझं काम कर!

दादा : मी काय म्हणतो... दिवा लावताय का? मग मी येत नाही.

वहिनी : लावतोय!... चल आत. दार ओढून घे. पूर्ण. कडी लाव.

नणंद : बाई गं! काही म्हणजे काही दिसत नाहीये. हा काय दिवा म्हणायचा? डास बसलाय का बल्बवर? पांढरा लाव ना.

वहिनी : पांढरा नाहीच इथे. चुकून कुणी लावला की फोटोच्या कागदाचं अख्खं पाकीट वाया जातं, म्हणून सासऱ्यांनी होल्डरच काढून टाकला. होईल सवय डोळ्यांना. कोपर सांभाळ, तिथे बाटल्या आहेत.

नणंद : काय वास आहे! रोज यात हात घालतेस तू?... हं, फोड पाकीट. सपाट ठेव. एक थेंब. दोन. तीन. बास, बास!

वहिनी : घड्याळ लावलं.

नणंद : टिकटिक केवढी करतंय. माझ्या छातीत त्याच्यापेक्षा जास्त चाललीय.

वहिनी : गप्प उभी राहा.

नणंद : गप्प राहणं जमलं असतं तर मी औषधाचं दुकान टाकलं असतं का? ए, वहिनी, मुलगी झाली तर माझ्यासारखी बोलकी हवी हं.

वहिनी : अजून पट्टी बोलली नाही आणि तू नाव ठेवायला निघालीस.

नणंद : ओल वर चढतेय बघ. चढली, चढली... गेली शेवटपर्यंत.

वहिनी : आणि?

नणंद : थांब ना.

वहिनी : आणि?

नणंद : ...कोरी आहे गं.

वहिनी : बघ! बघ, मी खोटं बोलत होते का? तिसरी! नशीबच कोरं आहे माझं, पट्टीला काय दोष द्यायचा.

नणंद : असं कसं होईल? वेगळं खोकं, वेगळी तारीख. स्वतःची रेघ तरी यायलाच हवी हिची. आण इकडे, डोळ्याजवळ धरते... अय्या!

वहिनी : काय? आली?

नणंद : माझी नखं!

वहिनी : काय?

नणंद : माझी नखं बघ! काल संध्याकाळी लाल पॉलिश लावलंय मी, चांगलं भडक! कुठे गेलं? पांढरीफटक पडलीत!

वहिनी : लाल इथे दिसत नाही. लाल दिव्याखाली लाल...

नणंद : लाल काय?

वहिनी : लाल पेन्सिलीनं खुणा करू नकोस, आत दिसायच्या नाहीत. पहिल्या दिवशी सांगितलं होतं सासऱ्यांनी मला. अगदी पहिल्या दिवशी!

नणंद : वहिनी, या पट्टीच्या रेघा कोणत्या रंगाच्या असतात, माहितीय ना तुला?

वहिनी : ...लाल.

नणंद : लाल! गुलाबी-लाल! अगं ए शहाणे, काखेत कळसा नि गावाला वळसा! दार उघड! उघड दार!

वहिनी : पळू नकोस, सांडेल! घड्याळ, घड्याळ बघ आधी, वेळ गेली नाही ना?

नणंद : अजून टिकटिकतंय! कडी कुठाय? निघाली! चल खिडकीपाशी!

वहिनी : मी नाही बघत. तू बघ. नको, तूही थांब. बघ. सांग.

नणंद : थांब, नीट बघू दे.

वहिनी : अगं सांग ना! एरवी तोंड बंद होत नाही आणि आताच काय 'थांब'?

नणंद : दोन.

वहिनी : काय दोन?

नणंद : दोन रेघा! दोन, वहिनी! एक इथे, एक इथे! आई गं, मी मरते आता!

वहिनी : ओरडू नकोस! रंग सांग. आधी रंग सांग.

नणंद : लाल.

वहिनी : दुसरीचा. दुसरीचा रंग. करडी आहे का? नीट बघ, उन्हात धर. गेल्या वेळची करडी होती. मी काळ्यापांढऱ्यातच जगणारी, मला करडीसुद्धा रेघच वाटली.

नणंद : करडी नाही. पहिलीपेक्षा थोडी फिकी आहे, पण लाल आहे. माझ्या नखाशेजारी धरते, हे बघ. उघड डोळे!

वहिनी : ...आहे गं. आहे. लाल आहे.

नणंद : आणि ते बघ, आता वाजलं घड्याळ! वेळेच्या आत आली. गेल्या वेळची पट्टी संध्याकाळपर्यंत पडून वाळली, त्या वाळल्याचा डाग होता तो. ही तशी नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते मी, पट्टी 'नाही' म्हणाली तर थोडे दिवस जाऊ देऊन पुन्हा कर, फसवते कधीकधी. पण वेळेत, रंगीत रेघ काढून 'आहे' म्हणाली, तर सहसा खोटं बोलत नाही.

वहिनी : सहसा.

नणंद : हो, सहसा. पक्कं डॉक्टरीणबाई सांगतील. आजच रक्त देऊ, मी येते बरोबर. आणि आजपासून त्या आतल्या औषधांना हात लावायचा नाही, सांगून ठेवते. रडतेस काय वेडे?

वहिनी : तूही रडतेयस.

नणंद : मी आत्या आहे, मला रडायचा हक्क आहे. दादाला हाक मारू?

वहिनी : नको! रक्ताचं कळू दे आधी. तुला शपथ आहे.

नणंद : अगं पण...

वहिनी : त्या खिळ्याकडे बघ आणि मग 'पण' म्हण.

दादा : अगं, ऐकतेस का?

वहिनी : काय हो? पडदा ओलांडू नका!

दादा : नाही ओलांडत. पडद्याच्या वरून दिवा दिसतोय मला. पासपोर्टवाले गेले.

वहिनी : बरं मग?

दादा : मी काय म्हणतो... काल दिवा लावून आत गेलीस, आज पहाटे गेलीस, आता परत गेलीस. दोरीवर एक फोटो वाळत नाही. ट्रे कोरडे आहेत.

नणंद : गोळी दिली मी तिला, डोकं...

दादा : चिमे, तू बोलू नकोस. तिचं डोकं दुखणं तुझ्या तोंडून पार चौकापर्यंत ऐकू येतंय.

वहिनी : अहो, काही नाहीये.

दादा : काही नसलं तरी मला सांग ना. गेल्या वेळी फोटोची घाई मी केली. मी उतावळा, पण तू आत जाऊन रडतेस आणि मी या दिव्याकडे बघत बाहेर उभा राहतो, ते जास्त वाईट आहे गं. असेल तर असेल. नसेल तर दोघं मिळून नाही म्हणू. एकटीनं नको.

नणंद : वहिनी... सांग त्याला.

वहिनी : अजून पक्कं नाहीये हो. रक्त द्यायचंय. चुकूही शकतं.

दादा : चुकू दे. म्हणजे... आहे?

वहिनी : दुकानाला कडी लावा.

दादा : लावतो. लावली. येऊ? दिवा लागलेलाच आहे अजून.

वहिनी : राहू द्या लागलेला. मी बाहेर आहे, खिडकीपाशी, उजेडात. येताना कॅमेरा आणा.

दादा : कॅमेरा? त्यात रोल घातलेलाच आहे, काळापांढरा. चालेल ना?

वहिनी : नाही. तो काढा. रंगीत घाला.