पोह्यांसमोर पॉलिमर

अरे, सगळ्यांना आयटीतलाच जावई हवा असायचा तो काळ, आणि मी पॉलिमरच्या प्रयोगशाळेत. शनिवार पेठेत मुलगी बघायला गेलो, तर पोह्यांची बशी हातात पडायच्या आत तिच्या वडिलांनी विचारलं, "नक्की करता काय आपण?"

मला चेवच आला. म्हटलं, "पाण्यात विरघळलेलं पॉलिमर तापवलं की दोघं वेगळी व्हायला लागतात. पण पॉलिमर चिवट. थोडंसं असलं तरी जाळं करून ताणून धरतं, पाण्याला चटकन सुटू देत नाही."

तिचे वडील म्हणाले, "म्हणजे दोघांचं पटत नाही, पण एक जण सोडत नाही, म्हणून एकाच भांड्यात. त्याला प्रयोगशाळा कशाला? आमच्या घरी यायचं होतंत."

स्वयंपाकघरातून तिची आई, म्हणजे माझ्या आताच्या सासूबाई, कडाडल्या, "त्यातलं चिवट कोण, तेही सांगून टाका त्यांना!"