जेबालेको म्हणायचं कुणी?

...नाही, भांडी घासू नका, मी म्हणते नकाच घासू! पण निदान स्वतःचं ताट तरी उचला ना! वास्वा आणि नाकातो, माझी जुळी, एक मुलगा, एक मुलगी, पंधरा वर्षांचे घोडे झाले, पण खरकटी ताटं जिथल्या तिथे वाळतायत आणि हे दोघं मोबाइलमध्ये! बरं, काम राहू दे, तोंडातून एक शब्द तरी? तुम्हाला सांगते, आमच्या मसाका गावात अनोळखी माणूस अंगण झाडताना दिसला तरी जाणारा म्हणतो, "जेबालेको!" म्हणजे कष्ट करताय हो, भलं होवो तुमचं. खड्डा खणणाऱ्याला म्हणतात, नुसता खड्डा बघत उभ्या असलेल्या मुकादमालासुद्धा म्हणतात! आणि मी? कच्ची केळी सोला, पानात बांधा, वाफवा, कुस्करा, वर शेंगदाण्याची आमटी... आणि ऐकायचं काय? "शी, आज पण माटोके?" जेबालेको राहिलं बाजूलाच!

आणि गंमत बघा, जुळ्यांची आई म्हणून सारं गाव मला नालोंगो म्हणतं. मानाचं नाव! टोमॅटोवाली वर दोन जास्त टाकते, "असू द्या हो नालोंगो." मोटारसायकलवाले थांबून वाट देतात, "आधी तुम्ही, नालोंगो!" ज्यांना जन्म दिला म्हणून हा मान, त्यांनाच तेवढी किंमत नाही! बोलायला जावं तर वास्वा म्हणतो, "आम्ही नसतो तर तुला कोण नालोंगो म्हणालं असतं?" घ्या! म्हणजे उपकार त्यांचेच माझ्यावर! कडू वाटतं हो, फार कडू वाटतं.

तर एका रविवारी सेंगा आली. सेंगा म्हणजे मुलांची आत्या, आणि आमच्याकडे पोरांना वळण लावायचा मक्ता आत्याकडे. ती दारात दिसली मात्र, नाकातो नमस्काराला गुडघे टेकते काय, वास्वा पाण्याचे कॅन भरून आणतो काय! आणि जेवण झाल्यावर दोघं एका सुरात, "जेबालेको आई, फार छान रांधलंस!" मी पळी हातात धरून उभीच. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू! तेवढ्यात सेंगा म्हणते, "काय गुणी पोरं! आमच्या दादावर गेलीत." दादावर! ज्याला या घरात मीठ कुठं असतं ते ठाऊक नाही!

मी म्हटलं, "वन्सं, एवढी गुणी आहेत ना? मग न्या की सुट्टीत!" नेली. आणि फोनवर फोन, "वहिनी, पहाटे उठतात, केळी सोलतात, जेबालेको म्हटल्याशिवाय पानावरून उठत नाहीत!" मी आपली मनात मांडे खातेय, लागलं वळण, आता घरी येतील, ताटं उचलतील, आणि एकदा तरी म्हणतील...

काल आली दोघं. मी चुलीशी, धुरानं डोळे लाल. पिशव्या दारात टाकल्या, अंगं सोफ्यावर टाकली. मी कान टवकारून उभी. नाकातो म्हणते, "आई गं, किती राबलो तिथं! कंबर मोडली!" आणि वास्वा म्हणतो, "आता घरी आलोय, जरा आराम करू दे."

जेबालेको राहिलं बाजूलाच!

आता आमची रीत अशी, की राबून आलेल्या माणसाला म्हणावंच लागतं. न म्हणून सांगते कुणाला? मीच म्हटलं, "जेबालेको, बाळांनो."

दोघांनी माना डोलावल्या. पटलं त्यांना.