हातोडेवाल्याले वन्स मोअर

आता तुमी काईबी म्हणा, पण केबलवर रोबोटच्या कुस्त्या लागत ना, त्याच्या एका सीझनमंधी जो चपटा रोबोट जिंकला तो मले आजही पटला नाई. खालून घुसाचं आन् समोरच्याले उलथवून टाकाचं, याले लढाई म्हणतेत काय? लढे तो आमचा हातोडेवाला. दर वेळी हरे, पण मारल्याशिवाय हरे नाई.

आमचा म्हंजे माहा आन् सलीमचा. सलीमचं वडशाले मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं, तिथीच आमी आयतवारी टीव्ही पाहो. रोबोटातून धूर निघाला का सलीम म्हणे, "कॉइल गेली बे! माह्याकडं आणा, सांजेपर्यंत भरून देतो."

एकदा हातोडा असा बसला का चपट्याचं झाकणच उडालं. सलीम स्टुलावर चढला आन् झाडीपट्टीच्या नाटकात पब्लिक ओरडते तसा ओरडला, "वन्स मोअर!"

आन् खरंच, टीव्हीत तोच हातोडा पुन्हा पडला. हळूहळू.

"आयकलं ना त्याईनं!"

मी म्हटलं, "अबे, ते सगळ्याईलेच दोनदा दाखवतेत."

"मंग बाकीचे काऊन ओरडून नाई राह्यले?"

पुढच्या साली दुकान बंद करून सलीम भावाकडं सुरतेले चालला, कायमचा. गोंदियाची गाडी हलली, त्यानं दारातून हात हलवला. मी फलाटावरून ओरडलो, "वन्स मोअर!"

त्यानं पुन्हा हात हलवला. हळूहळू, त्या हातोड्यावानी.

गाडी मात्र आपल्या स्पीडनंच गेली.