एवढी शांतता आणलीस कुठून?

चांगला माइक घेतल्यामुळे कुणी खोटारडं ठरल्याचं ऐकलंय का तुम्ही? मी ठरले.

टेक्सासमधल्या प्लेनोतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मला गायचं होतं. ईशान झाल्यापासून स्टेजवर गेलेच नव्हते, त्यामुळे आपला आवाज उरलाय तरी का, हीच धास्ती. घरी रियाजाला आणि स्टेजलाही चालेल असा एकच माइक हवा होता. दुकानात विचारलं, "पडला तर?" सेल्समनने माइक सरळ जमिनीवर टाकला, उचलला आणि त्यातूनच म्हणाला, "हॅलो!" शिवाय म्हणे, हा समोरचाच आवाज घेतो, मागचा गोंधळ घेत नाही. घेऊन टाकला.

निवडीसाठी आधी गाणं रेकॉर्ड करून पाठवायचं होतं. ते करताना ईशान माझ्या पाठीमागे कुकरचं झाकण बडवत होता. तरी गाणं अगदी स्वच्छ आलं! निवड करणाऱ्या शुभाकाकूंना पाठवलं, तर लगेच त्यांचा फोन.

"स्टुडिओत केलंस ना? घरचंच रेकॉर्डिंग पाठवा म्हटलं होतं."

"काकू, शप्पथ, घरीच केलंय!"

"दोन वर्षांचं पोर आहे तुझ्या घरात. एवढी शांतता आणलीस कुठून?"

मग पुरावा म्हणून तोच माइक जोडून फोनवर व्हिडिओ काढला. अंतऱ्यात ईशान "माइन!" ओरडत आला आणि माइक हिसकावून फरशीवर आपटला. मी तो उचलून पुढे गात राहिले आणि व्हिडिओ तसाच काकूंना पाठवला.

संध्याकाळी काकूंचा मेसेज आला, "तुझं नाव पक्कं. माइक कुठला गं? लिंक पाठव."

गाण्याबद्दल अजून काही बोललेल्या नाहीत.