आजीच्या आवाजाच्या दोन खुणा

डल्सी : “माझा आवाज झाका, पण पुसू नका.” शेवटच्या आजारात आई हेच सांगत होती. आठवतं ना, कीरन?

कीरन : आठवतं, मावशी. म्हणून तर आपल्या वस्तीच्या केंद्रातल्या या लॅपटॉपवर तिच्या गाण्याच्या फाइलला खूण लावली. आपल्या रीतीनं शोक संपेपर्यंत गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, आवाज ऐकायचा नाही; म्हणून फाइल कुणाला दिसायची नाही, ऐकू यायची नाही.

डल्सी : काल पार ॲलिस स्प्रिंग्ज शहरातूनसुद्धा माणसं आली. सगळ्या घरांनी बसून शोक उतरवला. आता तिचं नाव घेता येतं. घे बघू!

कीरन : एल्सी. एल्सी आजी!

डल्सी : देवा, कान निवले रे! काढ आता ती खूण.

कीरन : काढतो. मग गाणं सगळ्यांना दिसेल.

डल्सी : आणि कुणी पुसायला गेलं तर?

कीरन : तर... पुसलं जाईल. झाकलेलं पुसता येत नाही, उघडं पुसता येतं. एकाच खुणेत दोन्ही कामं बसवली मी. सुटसुटीत वाटलं.

डल्सी : वा रे शहाण्या! फुटबॉलच्या फायनलचा व्हिडिओ या केंद्रात कुणी घालवला?

कीरन : तू.

डल्सी : नुसतं एक बटण दाबून! आणि माझ्या हाती आईचं गाणं उघडं ठेवतोस? दुसरी प्रत तरी आहे का?

कीरन : नाही गं. जिच्यावरून ही फाइल केली ती टेप केव्हाच खराब झाली, आणि शोकात फाइलला हात कोण लावणार?

डल्सी : झाकणं वेगळं, बाळा, जपणं वेगळं. शोक उतरला म्हणून जपायचं थांबतं का?

कीरन : थांब. खुणा दोन करतो. एक ‘झाकलेली’, एक ‘न पुसायची’. पहिली काढली तरी दुसरी राहील.

डल्सी : आधी दुसऱ्या कशावर तरी करून बघ.

कीरन : तुझ्या चर्चमधल्या गाण्यावर करतो.

डल्सी : कर. ते गेलं तर लोक आभारच मानतील.

कीरन : झालं. आता पूस.

डल्सी : दाबलं. अगं बाई, नाही म्हणतंय! पुन्हा दाबते... नाहीच म्हणतंय! केवढं हट्टी! थेट आईवर गेलंय.

कीरन : आता आजीचं. ही लागली ‘न पुसायची’... आणि ही निघाली ‘झाकलेली’. दिसलं बघ!

डल्सी : मग वाजव ना!

कीरन : इथं नको, मावशी. पहिल्यांदा तिच्या बहिणीला ऐकवीन, असा शब्द दिलाय मी आजीला. नेलआजी कुठंय?

डल्सी : नदीच्या कोरड्या वाळूत, शेकोटी पेटवून बसलीय. गाडीची किल्ली घे.

(कीरन लॅपटॉप छातीशी धरून उठतो.)

कीरन : राहू दे. चालतच जातो.