चिल्डेरिक आणि त्याचा पेशवा

आखातात, करामाच्या बस स्टॉपवर माझ्यापुढे बापलेक उभे होते. मुलगी हिस्टरीचं पुस्तक घेऊन, बाप खांदे पाडून.

"डॅडी, ऐक ना. चिल्डेरिक, फ्रँक लोकांचा किंग. बट ओन्ली नावाला. सगळं काम पेपिन करायचा."

"म्हणजे त्यांचा पेशवा."

"व्हॉटेव्हर. पेपिनने पोपला विचारलं, राजा कोण? नाव असलेला, की काम करणारा?"

"पोप राजाच्या बाजूने असेल."

"नो. काम करणारा, म्हणाला."

"पोपसुद्धा?"

"मग चिल्डेरिकचे केस कापले. लाँग हेअर मीन्स किंग, ना. अँड मठात पाठवलं."

"आमच्याकडे केबिन काढून घेतात. मॅनेजर मी, पण शेठचा पुतण्या आल्यापासून सगळे त्यालाच विचारतात. काल माझ्या खुर्चीत तोच बसला होता."

"मग तू?"

"खलास. नोकरी गेली. महिनाअखेरीला परत वसई."

"मम्मीला सांगितलंस?"

"रविवारी सांगतो, चर्चमधून आल्यावर."

"लास्ट संडेलापण हेच म्हणालास."

"तू वाच गं. त्या राजाचं पुढे काय झालं?"

"बुकमध्ये नाही, डॅडी. नेक्स्ट चॅप्टर पेपिनचा आहे."